हार्लो पॉइंटला गाडी थांबणार नाही

धक्का तसा किरकोळच होता. आर्मांडच्या मांडीवरचा जेवणाचा रिकामा डबा पुढच्या सीटवर आपटून खाली पडला, कुणाच्या तरी कागदी पेल्यातली कॉफी हिंदकळली, आणि गाडी उभी राहिली. इंजिनाची घरघर चालू होती, पण ती उभ्या गाडीची घरघर होती. एकतीस वर्षांत त्याच्या कानांना एवढं नक्की कळायला लागलं होतं. त्यानं घड्याळ पाहिलं. तीन सत्तेचाळीस. डबा उचलायला वाकताना त्यानं खिडकीतून खाली पाहिलं. ओहोटीची वेळ होती. खाजणातलं गवत ऑक्टोबरात होतं तसं तांबूस झालं होतं, चिखलात दोन बगळे उभे होते, आणि पलीकडे, मॅटिकेट खाडीच्या त्या काठाला, हार्लो पॉइंटची पाण्याची टाकी, चर्चचा मनोरा आणि होड्यांच्या गोदीची हिरवी छपरं अगदी हात लांबवला तर सापडावीत अशी दिसत होती. टाकीच्या डाव्या अंगाला मेपलची एक पिवळी रांग होती. त्या रांगेतल्या तिसऱ्या झाडामागे त्याचं घर होतं. घर दिसत नव्हतं, पण झाड दिसत होतं.

"आलं का?" समोर हर्ब स्कोल्निक टोपी डोळ्यांवर ओढून झोपला होता, तो टोपीखालूनच म्हणाला.

"पूल," आर्मांड म्हणाला.

"नाव जायचीय?"

"दिसत तर नाही."

"म्हणजे नाव गेली आणि पूल उघडाच राहिला." हर्बनं टोपी वर केली. हा जिल्हा कचेरीत जमिनीच्या नोंदी ठेवणारा, आर्मांडपेक्षा दोन वर्षांनी मोठा, शेवटच्या स्टेशनावर राहणारा. "झोपतो मी परत. बंद झाला की उठव. निवृत्तीच्या आत झाला तर."

पुलाचा मधला गाळा नावांसाठी उचलला जायचा, आणि वर्षातून चार-पाच वेळा तो वर गेला की खाली यायचं नावच घ्यायचा नाही. उन्हाळ्यात लोखंड फुगतं म्हणून, थंडीत तेल गोठतं म्हणून. शरद ऋतूत रुळांवर पानं पडतात आणि चाकं घसरतात, वसंतात बर्फ वितळून खाजणाचं पाणी सिग्नलच्या तारांत शिरतं. रेल्वेच्या खुलाशांवर विश्वास ठेवायचा तर देवानं चारही ऋतू केवळ ईस्ट शोर लाइनला छळण्यासाठी निर्माण केले होते. आर्मांडनं सुरुवातीची पत्रं टाइपरायटरवर लिहिली होती, कार्बन घालून. मग फॅक्स. मग संगणकावरचा अर्ज आला, त्यात तक्रारीचा प्रकार निवडायचा असे: उशीर, स्वच्छता, कर्मचाऱ्यांची वागणूक, इतर, आणि आपलं म्हणणं तीनशे अक्षरांत मांडायचं. तीनशे अक्षरांत माणसाचा एक मंगळवारसुद्धा मावत नाही. उत्तरं मात्र नेमानं यायची, दर वेळी नव्या माणसाच्या सहीची. त्याची बायको लोरेट ती नाश्त्याच्या टेबलाशी उभी राहून रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या बाईच्या आवाजात वाचायची, मधेच थांबून लोणी मागायची, आणि तो रागाच्या भरात असूनही हसायचा. नंतर पत्रं त्याची त्यालाच वाचावी लागू लागली. आणि आवाज न लावता वाचली की ती नुसती कोरडी, तुपट कागदासारखी पत्रं होती, ज्यांच्यावर काही लिहिलं तरी उमटत नाही.

तीन पंचावन्न झाले. एव्हाना तो जिना उतरून फलाटाबाहेर पडायला हवा होता. दिवसभर लोरेटला सांभाळणारी झुल्मिरा सव्वाचारला निघायची. साडेचारला तिची वृद्धाश्रमातली पाळी सुरू व्हायची, आणि तिथल्या पर्यवेक्षक बाईनं तिला दोनदा ताकीद दिली होती. दोन्ही वेळा कारण आर्मांडची गाडी होती. एका बाईची नोकरी आपल्या गाडीच्या वेळेवर टांगलेली आहे, ही गोष्ट त्याला रात्रीपेक्षा सकाळी जास्त टोचायची. चष्म्यांच्या काचा घासायच्या यंत्रावर तो वाकलेला असायचा, काच फिरत असायची, आणि एकदम मनात यायचं, तीन पाच. तीन पाचची गाडी. साहेबाला सांगून त्यानं कामाची वेळ पहाटेची करून घेतली होती, साडेसहा ते अडीच. बाकी सगळे जेवायला बसत तेव्हा तो उभ्यानं सँडविच खात काम करायचा. काचेतली अर्ध्या अंशाची चूक त्याच्या बोटांना कळायची. दुसऱ्याच्या डोळ्यांना जग सरळ दिसावं म्हणून तो एवढा नेमका वागायचा, आणि मग स्टेशनवर येऊन एका अशा व्यवस्थेच्या हाती स्वतःला सोपवायचा जिच्या लेखी अर्धा तास म्हणजे काहीच नव्हतं.

फोन वाजला. झुल्मिराच होती.

"मिस्टर आर्मांड, कुठे आहात?"

"पुलावर. उघडा पडलाय."

पलीकडून तिचा श्वास ऐकू आला. केप व्हर्डच्या बेटांवरून आलेली ही बाई रागावली की आधी गप्प व्हायची. "मी चार वीस-पंचवीसपर्यंत थांबते," ती म्हणाली. "त्याच्यापुढे नाही हो. खरंच नाही."

"लोरेट कशी आहे?"

"बरी आहे. सूप प्यायली. आता टॉवेलांच्या घड्या घालतेय. सकाळपासून चौथ्यांदा."

"शेजारी?"

"मिसेस पेटेंगिल फ्लोरिडाला गेल्या ना. तुम्हीच तर त्यांना स्टेशनवर सोडलंत." मग आवाज खाली करून म्हणाली, "तुम्ही वरची कडी काढून टाकलीत ते बरं नाही केलंत."

कडी त्यानं जूनमध्ये काढली होती. दाराच्या वरच्या कोपऱ्यात, लोरेटच्या नजरेच्या वर लावलेली पितळी कडी. डॉक्टरांनीच सुचवलं होतं. आठ दिवस सगळं ठीक चाललं, आणि नवव्या दिवशी तो घरी आला तर ती दाराशी जमिनीवर बसून होती, हाताची मूठ लाल झालेली, आणि त्याला पाहून ती म्हणाली, मी काय केलं ते तरी सांगा. त्याला ती 'तुम्ही' म्हणाली. त्या रात्री त्यानं स्क्रू काढले आणि भोकं पांढऱ्या लांबीनं बुजवली. नीट घासून, रंग देऊन. कुणाला सांगूनही कळणार नाही अशी.

चार वाजले. डब्यातून डोरीन कंडक्टर गेली. चाळिशीची, रुंद खांद्यांची, चालताना दोन्ही बाजूंच्या सीटांना हात लावत जाणारी. अकरा वर्षं तिनं त्याचा पास पाहिला होता, गेली पाच वर्षं न पाहताच मान हलवली होती. लोक तिला विचारत होते, ती सगळ्यांना तेच सांगत होती, "माणूस पाठवलाय पुलावर. गाळा हातानं खाली घेताहेत." एका बाईनं विचारलं, किती वेळ, तेव्हा ती म्हणाली, "मला कळलं की तुम्हाला कळेल, बाई." खोटं नव्हतं ते. तिला खरोखरच काही कळवत नसत. आर्मांडला एकदम वाटलं, ह्या गाडीत ज्याला काही माहीत आहे असा एकही माणूस नाही. इंजिनातला माणूस सिग्नल पाहतो, सिग्नल कुठल्या तरी खोलीतून लागतो, त्या खोलीतला माणूस पडद्यावर एक ठिपका पाहतो. ठिपका थांबलाय. ठिपक्यात त्रेसष्ट वर्षांचा एक माणूस बसलाय आणि त्याला तिसरं मेपलचं झाड दिसतंय, हे पडद्यावर कुठे येणार.

हे घर घेतलं ते ह्या गाडीच्या भरवशावरच. तेव्हा ते दोघं गिरणीच्या गावात लोरेटच्या आईच्या वरच्या मजल्यावर राहायचे, मुलगा पॉल दोन वर्षांचा होता. घर दाखवणाऱ्या माणसानं वेळापत्रक काढून टेबलावर ठेवलं आणि शेहेचाळीस मिनिटांच्या आकड्यावर बोट ठेवलं. लोरेटनं वेळापत्रकाकडे पाहिलंच नाही. ती खिडकीशी उभी होती, वास घेत. "आर्मांड, इथे केसांतसुद्धा मीठ येईल रे," म्हणाली. तिचा धंदा केस कापण्याचा, तिला सगळं केसांवरून सुचायचं. मग मेन स्ट्रीटवर तिनं दोन खुर्च्यांचं दुकान टाकलं, आणि तो शेहेचाळीस मिनिटांच्या गाडीनं साठ, सत्तर, ऐंशी मिनिटांत घरी येऊ लागला. पॉलनं शाळेत क्लॅरिनेट वाजवली त्या संध्याकाळी तो पोचला तेव्हा शाळेचा शिपाई खुर्च्या दुमडत होता. पॉल म्हणाला, काही नाही बाबा, फार चांगलं नाही झालं. आता तो अ‍ॅरिझोनात आहे, विमानानं येतो, आणि त्याचं विमान वेळेवर येतं. माणसाला एखादं टोपणनाव चिकटतं तसा आर्मांडला उशीर चिकटला होता. लग्नकार्यात, अंत्यविधीला लोक आपसूक त्याच्यासाठी दाराजवळची खुर्ची ठेवायचे.

पण हे सगळं तक्रारीत लिहिण्यासारखं होतं. एक गोष्ट लिहिण्यासारखी नव्हती. गेल्या तीन वर्षांत कधी कधी गाडी वेळेवर आली होती. अगदी तीन एक्कावन्नला. अशा दिवशी आर्मांड स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे वळण्याऐवजी उजवीकडे वळायचा आणि गोदीवरून, उलट्या करून ठेवलेल्या होड्यांमधून, रंगाच्या वासातून, लांबच्या रस्त्यानं घरी जायचा. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत तो काही करायचा नाही. कुणाचा कुणी नसायचा, एवढंच. आणि दारात झुल्मिरा कोटाची बटणं लावत उभी दिसली की म्हणायचा, गाडी, दुसरं काय. ती बिचारी मान हलवायची. तिला खरं वाटायचं, कारण गाडीबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी ते खरंच वाटायचं. आता पुलाच्या अलीकडे, हलत नसलेल्या गाडीत बसून त्याला ते सगळे वीस-वीस मिनिटांचे तुकडे आठवले. त्यातला एक तुकडा परत मिळाला असता तर. एकच.

चार सत्तावीसला झुल्मिराचा फोन आला. ती चालत होती, धापा ऐकू येत होत्या.

"मी निघालेय. माफ करा. टीव्ही लावलाय, पक्ष्यांचा कार्यक्रम. गॅस खालून बंद केलाय. तिला सांगितलंय, मिस्टर आर्मांड येताहेत, बसून राहा. बसते म्हणाली."

"बाहेरून कुलूप—"

"नाही हो. मला परवानगी नाही. आग लागली तर? माझा परवाना जाईल." ती थांबली. "मी आईच्या शपथेवर सांगते, पाय निघत नव्हता माझा."

"जा तू. जा. तुझी काही चूक नाही," तो म्हणाला, आणि हे वाक्य आपण एखाद्या पत्राच्या उत्तरासारखं म्हटलं असं त्याला वाटलं.

मग त्यानं घरी फोन लावला. जुना, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन. सात वेळा वाजला. उचलला गेला आणि आधी पक्ष्यांचा आवाज आला.

"हॅलो," लोरेट म्हणाली. दुकानात म्हणायची तसं, शेवट वर नेऊन.

"लोरेट, मी आहे."

"आर्मांड! कुठे आहेस तू?"

तिनं नाव घेतलं. परवापासून पहिल्यांदाच. आणि तेवढ्यात त्याला कळलं की आज नाव आठवायला नको होतं, आज ती अर्धवट गुंगीत सोफ्यावर बसलेली बरी होती. "गाडीत आहे. तू बस हां. पक्षी बघ."

"गाडी कुठे आहे?"

"पुलावर अडकलीय. थोडा वेळ लागेल."

"मग उतर की."

"उतरता येत नाही ना. पाणी आहे खाली."

"तुझं नेहमीचंच," ती हसली. जुनं हसू, घशातलं. "थांब, मीच येते. तुला एकट्याला कंटाळा येईल."

"लोरेट, नको. ऐक, घरीच थांब. लोरेट, खुर्चीवर बस आधी."

"माझा कोट कुठे ठेवला त्या बाईनं?" ती म्हणाली, फोनशी नव्हे. मग रिसीव्हर कशावर तरी आपटला, आणि नुसते पक्षी राहिले. खूप पक्षी. कुणी तरी संथ आवाजात सांगत होतं की ही मादी दर वर्षी त्याच कड्यावर येते. आर्मांड ओरडला. डब्यातल्या लोकांनी माना वळवल्या. तो दोन मिनिटं ते पक्षी ऐकत राहिला, कारण फोन ठेवला तर घराशी असलेला एवढा धागाही तुटणार होता.

डोरीन त्याला दोन डब्यांमधल्या जागेत सापडली, दाराला टेकून उभी. त्यानं तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. अकरा वर्षांत त्यानं तिच्याशी गाडीखेरीज कशावरही बोलणं केलं नव्हतं. आता कडी, झुल्मिरा, टॉवेल, कोट, सगळं एका दमात बाहेर आलं, आणि शेवटी तो म्हणाला, "दार उघडा. मी रुळांवरून चालत मागे जातो. रस्ता गाठतो."

"अहो आर्मांड, मागे दीड मैल नुसतं खाजण आहे. आणि रस्त्यानं वळसा नऊ मैलांचा. कुठे गाठणार?"

"ते माझं मी बघीन."

"दुसऱ्या रुळावर गाडी आली तर मी बघायचं ना?"

"गाडी! कुठली गाडी? ह्या लाइनवर गाडी येते?" त्याचा आवाज चिरकला. "एकतीस वर्षं! एकतीस वर्षं तुम्ही लोक मला सांगताय, थांबा! तुम्हाला काय, तुमची पाळी भरते आणि उभ्या गाडीचाही पगार मिळतो!"

डोरीनचं तोंड लाल झालं. तिनं खांद्यावरचा रेडिओ तोंडाशी नेला आणि कंट्रोलला सांगितलं, एका प्रवाशाच्या घरी आजारी माणूस एकटं आहे, हार्लो पॉइंट. रेडिओ खरखरला आणि म्हणाला, ऐकलं. दुसरं काही म्हणाला नाही. "पोलिसांना फोन करा," डोरीन हळू म्हणाली. "त्यांचा माणूस घरी जाईल." हे आपल्याला आधी का सुचलं नाही, म्हणून तो स्वतःवरच चडफडला. त्यानं फोन केला. गावातली एक गाडी हायवेवरच्या अपघातावर होती, दुसरी पाठवतो, असं सांगितलं. किती वेळ? पाठवतो, साहेब.

चार पन्नासला गाडी हलली. कुणी टाळ्या वाजवल्या, टवाळीच्या. पुलाच्या लोखंडावर चाकांचा आवाज पोकळ झाला, खाली पाणी आलं. आर्मांड दाराशीच उभा राहिला. तीन मिनिटं, फार तर चार. मग तो धावणार होता. त्रेसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी धावणार होता. आणि तेवढ्यात डोक्यावरच्या जाळीतून आवाज आला, इंजिनातल्या माणसाचा, कंटाळलेला: झालेला उशीर भरून काढण्यासाठी ही गाडी इथून थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत जाईल. हार्लो पॉइंटला गाडी थांबणार नाही. हार्लो पॉइंटच्या प्रवाशांनी शेवटच्या स्टेशनावरून परतीची गाडी घ्यावी.

डब्यात एकच कल्लोळ उठला. हर्बसुद्धा उठून आला. "अरे, हा काय गाढवपणा! उशीर भरून काढायचा म्हणजे काय, माणसं वाटेत टाकून?" डोरीन रेडिओवर बोलत होती, आता मोठ्यानं: "कंट्रोल, माझ्याकडे हार्लोचे चौदा लोक आहेत, एकाच्या घरी—" आणि रेडिओ सांगत होता, हेच डबे पाच वीसला शहराकडे निघायचेत, तिकडे फलाट भरलाय, वेळ नाही. तिनं पुन्हा विचारलं. रेडिओ म्हणाला, सूचना मिळाली ना? ती म्हणाली, मिळाली. मग तिनं आर्मांडकडे पाहिलं नाही.

दाराशेजारी भिंतीत लाल दांडा होता. संकटसमयी ओढा. एकतीस वर्षं तो दांडा त्याच्या खांद्याच्या उंचीवर होता. डोरीननं त्याच्याकडे पाठ केली होती, मुद्दाम की काय कोण जाणे. ओढला तर गाडी थांबेल. पण कुठे थांबेल? पुलावरच थांबली तर पुन्हा कुणी तरी येऊन तपासणार, चाकं मोकळी करणार, अर्धा तास, तास. फलाटाशी ओढायला हवा. फलाट सुरू होतो तिथे. आत्ता नाही, आत्ता लवकर होईल. त्यानं हात दांड्यावर ठेवला. लोखंड थंड होतं. गोदीची छपरं आली, होड्या आल्या, आणि फलाट सुरू झाला. फलाटावर एक म्हातारी उभी होती. तपकिरी, पुरुषी कोट, केस वाऱ्यानं उडालेले, पायांत घरातल्या सपाता, पिवळ्या रेषेच्या जरा पुढेच. कुणाची आई ही, अशी एकटी, आर्मांडच्या मनात आलं. हिच्या घरी कुणी नाही का. म्हातारी प्रत्येक खिडकीत पाहत होती, मान इकडून तिकडे फिरवत, आणि तिची नजर त्याच्या दाराच्या काचेवर आली, थांबली, आणि तिचा चेहरा उघडल्यासारखा झाला. तिनं हात वर केला. तपकिरी कोट त्याचा होता. ती म्हातारी नव्हती, ती लोरेट होती. हे कळलं तेव्हा काचेत गोदामाची विटांची भिंत होती, मग कुंपण, मग खाजण. दांड्यावर हात तसाच होता.

त्यानं दांडा ओढला नाही. आता ओढून काय, असं त्याच्या मनात आलं, आणि मग ते वाक्य पुढची अकरा मिनिटं त्याच्या डोक्यात चाकांसारखं फिरत राहिलं. हर्बनं त्याच्या दंडाला धरून त्याला सीटवर बसवलं. त्यानं पुन्हा पोलिसांना फोन केला, स्टेशन म्हणाला, फलाट म्हणाला, तपकिरी कोट म्हणाला. फोनवरच्या बाईनं विचारलं, आजींचं वय? तो म्हणाला, एकसष्ट. आजी नाही ती. आणि म्हणताना त्याला स्वतःची शरम वाटली. ती आपल्याला ओळखते का, एवढंच बघायला तो रोज सकाळी तिच्या चेहऱ्याकडे पाहायचा. तिचा चेहरा कसा होत चाललाय, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. केस पांढरे कधी झाले? सगळे?

शेवटच्या स्टेशनावर डोरीन खाली उतरून दाराशी उभी होती. तो तिच्याजवळून जाताना ती म्हणाली, "तुम्ही ओढला असतात तर मी काही बोलले नसते." चांगल्या मनानंच म्हणाली असावी. त्याला ते सहन झालं नाही, आणि तो पुढे गेला.

"परतीच्या गाडीची वाट बघू नकोस," हर्ब म्हणाला. "माझी गाडी उभी आहे. चल." हर्बच्या गाडीत कुत्र्याचा वास होता. वाटेत एका लाल दिव्याशी हर्ब म्हणाला, "माझी हेलन गेली त्याच्या आधी महिनाभर मला भाऊ समजायची. भावावर फार जीव होता तिचा. तेवढंच." मग दिवा हिरवा झाला.

ते पोचले तेव्हा पाच पंचवीस झाले होते, आणि उजेड तिरपा होऊन फलाटाच्या फळ्यांवर पडला होता. लोरेट बाकावर बसली होती. शेजारी एक तरुण पोलीस बाई उभी होती, आपलं जाकीट लोरेटच्या मांड्यांवर घालून. "साहेब, ह्या बाई गाडीत बसायलाच तयार नाहीत," ती हळूच म्हणाली. "नवरा यायचाय म्हणतात. मी जबरदस्ती केली नाही." आर्मांडनं तिचे आभार मानले. तिनं जाकीट उचललं. तिला दुसरीकडे बोलावलं होतं. हर्बलाही त्यानं घरी पाठवलं.

तो लोरेटशेजारी बसला. तिच्या सपातांना चिखल लागला होता आणि घोटे थंडीनं निळसर झाले होते. त्यानं आपला मफलर काढून त्यांच्यावर गुंडाळला. तिनं गुंडाळू दिला, दुकानातल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं सौजन्यानं पाहत.

"लोरेट, चल घरी."

"तुम्ही कुणाला घ्यायला आलात?" तिनं विचारलं.

ती रुळांकडे बघत होती. "मी नवऱ्याला घ्यायला आलेय," ती म्हणाली. "आला होता तो. त्या मघाच्या गाडीत होता. दारात उभा. मी लगेच ओळखलं. एवढी जोरात गेली गाडी, पण मी लगेच ओळखलं."

"हो?"

"त्यानंही पाहिलं मला. माझ्याकडेच बघत होता." तिनं कोटाच्या बाहीचं एक सुटं सूत बोटाला गुंडाळलं, सोडलं. "पण उतरला नाही."

"गाडी थांबली नाही," आर्मांड म्हणाला. "त्याला उतरायचं होतं. गाडीच थांबवली नाही त्यांनी."

ती त्याच्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत एखाद्या परक्याची कीव यावी तसं काहीतरी आलं. "तुम्ही चांगले आहात," ती म्हणाली. "पण मी बघितला ना त्याचा चेहरा. मला बघून त्याला काहीच वाटलं नाही."

पुढच्या गाडीची वेळ पाच एकतीस होती. फलक म्हणत होता, पाच एकोणपन्नास. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीची पाहिली नसेल अशी आर्मांड त्या गाडीची वाट पाहत राहिला. ती आल्याशिवाय लोरेट उठणार नव्हती, आणि तिचे ओठ थरथरत होते. त्यानं स्वतःचा कोट काढून तिच्या अंगावरच्या त्याच्याच तपकिरी कोटावर घातला. पाच अठ्ठावन्नला गाडी आली, सभ्यपणे थांबली, सगळी दारं उघडली. पंधरा-वीस माणसं उतरली, कुणी फोनवर बोलत, कुणी किल्ल्या काढत. लोरेट उभी राहून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. एकदोघांनी आर्मांडला हात केला, तो मान हलवत राहिला. दारं मिटली. फलाट रिकामा झाला तरी ती जिन्याकडे बघत होती. मग तिनं खांदे सोडले.

"आज नाही येत वाटतं," ती म्हणाली. "तुमचंही माणूस नाही आलं?"

"नाही."

"ह्या गाड्यांचं काही खरं नसतं." तिनं त्याचा दंड धरला, आधारासाठी, आणि ते जिना उतरले. डावीकडे वळले. सपाता घासत ती सावकाश चालत होती, आणि नवऱ्याबद्दल बोलत होती. काचा करतो म्हणाली. फार नेमका माणूस. रागीट आहे, पण रागावून पत्र लिहितो, माणसांवर ओरडत नाही. तो ऐकत होता. मधेच तिनं विचारलं, तुम्ही ह्याच बाजूला राहता का, आणि तो हो म्हणाला. मेपलखालून जाताना पानं पायांत आली.

घराचं दार सताड उघडं होतं. आत दिवा जळत होता, भिंतीवरचा रिसीव्हर वायरला लोंबकळत होता. लोरेट उंबऱ्यावर थांबली, आत पाहिलं, आणि मग त्याच्याकडे वळून, दुकानाचं दार धरून उभी राहायची तशी बाजूला झाली.

"या ना आत," ती म्हणाली. "तो येईपर्यंत बसा. उशीर होतो त्याला, पण येतो."

आर्मांडनं पाय पुसले आणि आत गेला.